एनडीएची तयारी शेवटच्या टप्प्यापासून सुरू करा

दरवर्षी अकरावीचे प्रवेश सुरू झाले की दोन-चार पालक मला गाठतातच. "मॅडम, मुलाला एनडीएत पाठवायचंय. गणिताला कोणता क्लास लावू?" एनडीए म्हणजे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, जिथे तिन्ही सैन्यदलांचे भावी अधिकारी घडतात. मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणं स्वाभाविक आहे. पण माझं पहिलं उत्तर गणिताबद्दल नसतं. मी म्हणते, "क्लासचं नंतर बघू, आधी मुलाचे डोळे तपासून आणा."

यामागे एक मुलगा आहे. हुशार, शेतकरी घरातला, रोज पहाटे पळणारा. लेखी परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाला, दुसऱ्या वेळी एसएसबीतही (सैन्याच्या निवड मंडळाच्या पाच दिवसांच्या चाचण्या आणि मुलाखतीत) निवडला गेला आणि लष्करी रुग्णालयात रंगीत ठिपक्यांची पुस्तिका समोर आली तेव्हा त्याला त्यातले आकडे दिसेनात. रंगांधळेपणा जन्मजात असतो, त्यावर इलाज नाही. दोन वर्षं गेली. ही तपासणी कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडे पाच मिनिटांत होते. ती अकरावीतच झाली असती तर त्या पोरानं दुसरी वाट वेळेवर धरली असती. त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण त्या दोन वर्षांत त्याला गणित मीच शिकवत होते आणि हे विचारायचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

म्हणून मी आता उलटीकडून सुरुवात करायला लावते. निवडीचा क्रम असा आहे: अर्ज, लेखी परीक्षा, एसएसबी, वैद्यकीय तपासणी, गुणवत्ता यादी. तयारी मात्र वैद्यकीयपासून मागे यावी.

आधी शरीर

दहावीच्या सुट्टीत किंवा अकरावीच्या सुरुवातीला तीन ठिकाणी जाऊन या: नेत्रतज्ज्ञ, दंतवैद्य आणि एखादे अनुभवी फिजिशियन किंवा अस्थिरोगतज्ज्ञ. सैन्यातून निवृत्त झालेले डॉक्टर जवळपास असतील तर फारच उत्तम, कारण नेमकं काय पाहतात हे त्यांना माहीत असतं.

उंची मुलांसाठी किमान १५७ सेंमी आणि मुलींसाठी १५२ सेंमी लागते. हवाई दलाच्या उड्डाण शाखेसाठी १६२.५ सेंमी, शिवाय पायांची लांबी आणि बसलेल्या स्थितीतली उंचीही मोजतात, कारण माणूस कॉकपिटमध्ये नीट बसला पाहिजे. वजन उंची आणि वयाच्या तक्त्यानुसार पाहिलं जातं. डोळ्यांच्या नंबरची मर्यादा दलानुसार बदलते आणि उड्डाण शाखेची सर्वांत कडक आहे. चष्मा आहे म्हणून सगळी दारं बंद होत नाहीत, पण नंबर किती आहे ते आजच कळू द्या. लेझरनं नंबर घालवून येतो असं कुणी म्हणालं तर त्याला थांबवा. वयाच्या विसाव्या वर्षाआधी केलेली ही शस्त्रक्रिया निकषांत बसत नाही, आणि एनडीएची वयोमर्यादा त्याच्या आतच संपते.

बाकी गोष्टींत दुरुस्त होण्यासारखं बरंच असतं. कानात साठलेला मळ, किडलेले दात, जास्तीचं वजन, वाढलेले टॉन्सिल, मूळव्याध, हायड्रोसील (अंडकोषात पाणी साठणं), व्हेरिकोसील (तिथल्या शिरा फुगणं), नाकाचा वाकडा पडदा, या कारणांवरून मुलं तात्पुरती अपात्र ठरतात. दातांना गुण असतात. एकूण २२ पैकी किमान १४ लागतात. दोन्ही पाय जुळवून उभं राहिल्यावर गुडघे एकमेकांना टेकतात का आणि पावलं पूर्ण सपाट आहेत का, हे घरी आरशासमोरही दिसतं. ओल्या पावलाचा फरशीवरचा ठसा पाहिला की तळव्याचा अंदाज येतो.

टॅटूबद्दल जत्रेला जाण्यापूर्वी बोला. कायमचा टॅटू फक्त कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो. परंपरेनं गोंदवणाऱ्या आदिवासी समाजांसाठी वेगळी सवलत आहे. इतरांनी दंडावर किंवा मानेवर काढलेलं नाव पुढे अडतं.

पळणं आतापासून हवंच. परीक्षा घेणाऱ्या संघ लोकसेवा आयोगाच्या अधिसूचनेतच दाखल होताना अपेक्षित असलेली शारीरिक क्षमता दिलेली आहे: २.४ किमी अंतर १५ मिनिटांत, किमान २० जोर, २० बैठे उठाव, ८ पुल-अप्स आणि ३ ते ४ मीटर दोर चढणं. अकरावीतल्या मुलाला हे सहा महिन्यांत सहज जमतं. पुल-अप्सना मात्र वेळ लागतो, म्हणून त्यांची सुरुवात आधी करा.

वयाचा हिशोब आणि पहिली संधी

खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी १९५५ पासून तिथे आहे. त्याआधी १९४९ पासून ती देहरादूनला जॉइंट सर्व्हिसेस विंग म्हणून चालत होती. वर्षातून दोनदा तिथे नवी तुकडी दाखल होते, त्यामुळे संघ लोकसेवा आयोग परीक्षाही दोनदा घेतो, साधारणपणे एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये. अधिसूचना त्याआधी साधारण चार महिने, म्हणजे डिसेंबर आणि मेच्या आसपास निघते.

वय साडेसोळा ते साडेएकोणीस हवं, आणि ते परीक्षेच्या दिवशीचं नाही, अभ्यासक्रम सुरू होण्याच्या वेळचं. एप्रिलच्या परीक्षेचा अभ्यासक्रम पुढच्या जानेवारीत सुरू होतो, सप्टेंबरच्या परीक्षेचा पुढच्या जुलैत. उदाहरणार्थ, जानेवारी २०२६ च्या तुकडीसाठी जन्मतारीख २ जुलै २००६ ते १ जुलै २००९ या दरम्यान हवी होती. अधिसूचनेत तारखा स्पष्ट छापलेल्या असतात. त्यांत एका दिवसाचीही सूट मिळत नाही आणि मागासवर्गीयांसाठीही वयात सवलत नाही. उमेदवार अविवाहित असला पाहिजे.

इथे आपल्याकडचे बहुतेक पालक एक संधी हातची घालवतात. "बारावी होऊ दे, मग बसवू" असं म्हणतात. बारावीत शिकणाऱ्याला अर्ज करता येतो, अकरावीत असलेल्याला नाही. म्हणजे अकरावी संपून बारावीत पाऊल ठेवलं की त्याच मे-जूनमध्ये अर्ज भरून सप्टेंबरला पहिली परीक्षा देता येते. दुसरी एप्रिलमध्ये, बोर्डाची परीक्षा संपल्यावर लगेच. त्यानंतर वय असेपर्यंत आणखी दोन-तीन. पहिल्या वेळी बहुधा यश येत नाही, पण ओएमआर (गोळे भरायच्या) उत्तरपत्रिकेची भीती जाते, आणि त्यासाठी सप्टेंबरची परीक्षा द्यावीच असं माझं मत आहे.

शाखेबद्दल: भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. नौदल, हवाई दल आणि केरळातल्या एळिमला इथल्या नौदल अकादमीच्या थेट प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तिन्ही विषय हवेत. डॉक्टरकीचा पर्याय उघडा ठेवायचा म्हणून जीवशास्त्र घेऊन गणित सोडलं की दोन दलं एका सहीनिशी गेली. कला शाखेच्या मुलांनीही हे ध्यानात घ्यावं: भूदलासाठी पात्र असलात तरी गणिताचा पेपर सगळ्यांना एकच असतो.

मुलींना ही वाट सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानं खुली झाली. पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये त्यांतल्या १७ जणी संचलन करून बाहेर पडल्या. जागा अजून मोजक्या आहेत, पण अर्ज, पेपर आणि एसएसबी अगदी तीच.

एसएसबी: इथे पाच दिवस नाही, दोन वर्षं लागतात

लेखी परीक्षा ९०० गुणांची आणि एसएसबीही ९०० गुणांची. तरी आपली मुलं पहिल्या ९०० साठी दोन वर्षं देतात आणि दुसऱ्या ९०० साठी लेखीचा निकाल लागल्यावर दोन आठवड्यांचा क्लास लावतात. माझ्या पाहण्यातल्या मुलांची सर्वाधिक गळती इथेच होते.

बोर्डं प्रयागराज, भोपाळ, बंगळुरू, म्हैसूर, वाराणसी, गांधीनगर, देहरादून अशा ठिकाणी आहेत. पहिल्या दिवशी चाळणी असते. त्यात आकृत्या आणि शब्दांवरची बुद्धिमत्ता चाचणी, आणि मग एक धूसर चित्र. ते ३० सेकंद दिसतं. चारेक मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची, ती गटापुढे सांगायची आणि पंधरा-एक जणांनी मिळून एक सामायिक गोष्ट ठरवायची. ही चर्चा बघता बघता मासळीबाजार होते. अशा वेळी ओरडणाऱ्याहून मोठ्यानं ओरडू नये. दोन-तीनदा नेमकं बोलावं, दुसऱ्याचा चांगला मुद्दा उचलून पुढे न्यावा. निम्म्याहून जास्त मुलं त्याच दिवशी परतीच्या गाडीत बसतात, हे मनाला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

उरलेल्यांची दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रीय चाचणी होते. १२ चित्रांवर १२ गोष्टी, त्यांतलं शेवटचं चित्र कोरं. मग ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद, त्यात मनात आलेलं वाक्य लिहायचं. नंतर ३० मिनिटांत ६० प्रसंग आणि शेवटी स्वतःबद्दल लेखन: आईवडील, शिक्षक, मित्र आणि तुम्ही स्वतः तुमच्याबद्दल काय मानता. वेळ इतका थोडा असतो की पाठ केलेलं आणि खरं यांतला फरक कागदावर उमटतो. क्लासमध्ये शिकवलेल्या गोष्टीत नायक हमखास बुडणाऱ्याला वाचवतो आणि कलेक्टरांच्या हस्ते सत्कार घेतो. तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी तीच गोष्ट हजारदा वाचलेली असते. त्यापेक्षा गावच्या पाणीपुरवठ्याची मोटर जळाली तेव्हा तुम्ही चौघांनी काय केलंत, तसलं काही लिहा. काय करायचं, कुणाला सोबत घ्यायचं, पैसे कुठून आणायचे, हे त्यात आपोआप येतं.

याचा सराव घरच्या घरी होतो. रोज रात्री वर्तमानपत्रातलं एक चित्र, घड्याळ लावून चार मिनिटं. आठवड्यातून एकदा भावंडांपैकी कुणीतरी पंधरा-पंधरा सेकंदांनी शब्द वाचून दाखवायचे. महिन्यानं सगळ्या वह्या एकत्र वाचा. तुमच्या गोष्टींत सगळं वडीलधारी माणसंच सोडवत असतील किंवा नायक एकटाच राबत असेल, तर वहीपेक्षा रोजच्या वागण्यात बदल करायची गरज आहे. घरातल्या एका कामाची जबाबदारी पूर्ण तुमची असू द्या: वीजबिल, जनावरांचं वैरणपाणी, आजोबांची औषधं, काहीही.

तिसरा आणि चौथा दिवस मैदानाचा. गटचर्चा, नकाशावरचं नियोजन, फळ्या-दोर-पिंपं घेऊन अडथळे पार करणं, तीन मिनिटांचं भाषण, तीन मिनिटांत जास्तीत जास्त वैयक्तिक अडथळे, आणि एक काम असं की ज्यात तुम्ही म्होरके आणि सोबती तुम्ही निवडायचे. खो-खो, कबड्डी खेळलेल्या, गणेश मंडळात मांडव उभारलेल्या मुलांना हे अंगवळणी असतं. नियोजनाच्या सरावासाठी आपल्याच तालुक्याचा नकाशा घ्या: पुलावर पाणी आलंय, पलीकडे एसटी अडकलीय, दवाखाना आठ किलोमीटरवर, सोबत पाच जण आणि एक ट्रॅक्टर. आधी काय, नंतर काय आणि का, ते दहा मिनिटांत लिहा.

मुलाखत तुम्ही भरलेल्या माहितीपत्रावरून चालते. अधिकारी एका दमात आठ-दहा प्रश्न विचारतात: दहावीला किती गुण, कोणता विषय आवडायचा, तो कोण शिकवायचं, बारावीत गुण का घटले, मित्र कोण, त्यातला जवळचा कोण आणि का. क्रमानं उत्तरं द्यायची, राहिलेला प्रश्न पुन्हा विचारला तरी चालतो. छंद 'वाचन' लिहिलं असेल तर गेल्या तीन महिन्यांत काय वाचलं हे सांगता आलं पाहिजे. गावाबद्दल तर विचारतातच. तुमच्या भागातलं धरण, मुख्य पीक, त्याचा यंदाचा भाव, तालुक्याची मोठी अडचण ही माहिती पुस्तकात शोधू नका. वडिलांबरोबर एकदा मोंढ्यात जा.

आता इंग्रजी. लिहायला हिंदीची मुभा असली तरी चर्चा आणि मुलाखतीचं वातावरण इंग्रजीचं असतं, आणि मराठी माध्यमाची मुलं इथे गप्प बसतात. व्याकरण चुकलं म्हणून कुणी नापास होत नाही. गप्प राहिलं तर मात्र त्यांना तुमच्यात पाहायला काहीच उरत नाही. तीन-चार मित्रांचा गट करा, रोज अर्धा तास पळून झाल्यावर मैदानातच बसून इंग्रजीत बोला. पहिला महिना अवघडल्यासारखं होईल. तिसऱ्या महिन्यात मुलं वाद घालायला लागतात, हे मी स्वतः पाहिलंय.

पाचव्या दिवशी सगळे अधिकारी एकत्र बसतात आणि प्रत्येक उमेदवाराला काही मिनिटांसाठी बोलावतात. त्यानंतर निकाल.

हवाई दलाच्या उड्डाण शाखेसाठी संगणकावरची वैमानिक निवड चाचणीही असते. ती आयुष्यात एकदाच देता येते. तीत अपयश आलं तर उड्डाणाची वाट बंद होते, बाकी शाखा नाही. त्यामुळे आदल्या रात्री पुरेशी झोप घ्या, एवढंच सांगते.

लेखी परीक्षा

गणित ३०० गुण, १२० प्रश्न, अडीच तास. सामान्य क्षमता चाचणी ६०० गुण, १५० प्रश्न, अडीच तास. गणितात बरोबर उत्तराला २.५ गुण आणि चुकल्यास ०.८३ वजा, दुसऱ्या पेपरात ४ गुण आणि चुकल्यास १.३३ वजा. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. कॅल्क्युलेटर चालत नाही.

अलीकडच्या वर्षांत लेखीची सीमारेषा ९०० पैकी साधारण २९० ते ३६० च्या पट्ट्यात राहिली आहे, आणि अंतिम निवडीची १८०० पैकी साधारण ६५० ते ७२० मध्ये. प्रत्येक विषयात ठरावीक किमान गुणही लागतात. आता हिशोब करा. गणितात ५० प्रश्न सोडवले, ४० बरोबर, १० चूक: १०० वजा ८.३, म्हणजे सुमारे ९२. दुसऱ्या पेपरात १०० सोडवले, ७० बरोबर, ३० चूक: २८० वजा ४०, म्हणजे २४०. बेरीज ३३२. गणितात निम्म्याहून अधिक प्रश्न सोडूनही मूल सीमारेषेच्या आसपास पोचतं. म्हणून सगळं सोडवायची घाई करू नका, आणि गणित कच्चं आहे म्हणून आशाही सोडू नका. पाच तासांच्या परीक्षेत दोन तृतीयांश गुण दुसऱ्या पेपरात आहेत.

त्या ६०० पैकी २०० इंग्रजीचे आणि ४०० सामान्य ज्ञानाचे. सामान्य ज्ञानात भौतिकशास्त्राला साधारण २५ टक्के, रसायनशास्त्राला १५, सामान्य विज्ञानाला १०, इतिहास आणि भूगोलाला प्रत्येकी २०, चालू घडामोडींना १० टक्के असा भार अभ्यासक्रमातच सांगितला आहे. भूगोलासाठी एनसीईआरटीची नववी ते अकरावीची पुस्तकं नकाशासह वाचा. गणितात त्रिकोणमिती, सारणी आणि निश्चयक, सदिश, संभाव्यता आणि सांख्यिकी इथून सुरू करा. यांतले प्रश्न सरळ येतात आणि आपल्या राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीत हे सगळं आहे. फरक एवढाच की बोर्डात पायऱ्यांना गुण असतात, इथे एका प्रश्नाला सव्वा मिनिट मिळतं. आयोगाच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका मोफत आहेत. किमान दहा, घड्याळ लावून.

अर्ज भरताना

आपल्या राज्यात गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं आणि आधारवर बहुधा शेवटी. आयोगाला दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे नाव आणि जन्मतारीख लागते. आईच्या नावाच्या स्पेलिंगसह सगळं आधीच जुळवून घ्या. आधार दुरुस्तीला वेळ लागतो, अधिसूचना निघाल्यावर पळापळ नको.

दलांचा पसंतिक्रम विचार करून द्या. जे दल तुम्ही नोंदवणार नाही त्यासाठी तुमचा विचार होत नाही. शुल्क १०० रुपये आहे. मुली, अनुसूचित जाती-जमातीचे उमेदवार आणि जेसीओ (सुभेदारांसारखे कनिष्ठ अधिकारी), एनसीओ (नाईक, हवालदार), जवान यांची मुलं यांना ते माफ आहे. केंद्र आधी येणाऱ्याला आधी या पद्धतीनं मिळतं. मुंबई, नागपूर, पणजी अशी जवळची केंद्रं भरली तर लांबचा प्रवास पडतो, म्हणून पहिल्या आठवड्यातच अर्ज करा.

लेखीचा निकाल लागल्यावर दोन आठवड्यांत भूदलाच्या 'जॉइन इंडियन आर्मी' या संकेतस्थळावर नोंदणी करायची असते. ती विसरली तर एसएसबीचं बोलावणं अडतं. या प्रकारच्या प्रवेशासाठी पहिल्यांदाच एसएसबीला जाणाऱ्याला रेल्वेचं भाडं परत मिळतं, तिकीट जपून ठेवा.

वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरलात तर अपील मंडळाकडे जाता येतं, त्यासाठी ४२ दिवसांची मुदत असते. कागदावर नेमकं काय कारण लिहिलंय ते वाचून घ्या, त्यावर उपचार करा आणि मगच जा.

खर्च आणि आपल्या राज्यातल्या सोयी

प्रबोधिनीतलं तीन वर्षांचं शिक्षण, निवास आणि भोजन सरकारकडून असतं. दाखल होताना हातखर्च, कपडे, विमा यांसाठी काही रक्कम भरावी लागते, ती अधिसूचनेत पाहा. तीन वर्षांनी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. त्यानंतर भूदलाचे छात्र देहरादूनला, नौदलाचे एळिमलाला आणि हवाई दलाचे हैदराबादजवळच्या दुंडिगलला जातात. तिथे दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळतं. वैयक्तिक कारणानं प्रशिक्षण मध्येच सोडल्यास खर्च वसूल होऊ शकतो, म्हणून मुलाला स्वतःला जायचंय ना, हे घरात शांतपणे विचारा.

महाराष्ट्रातल्या दहावीच्या मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ पासून चालते, तर मुलींसाठी नाशिकला तशीच संस्था २०२३ मध्ये सुरू झाली. लेखी परीक्षा आणि मुलाखतीतून प्रवेश मिळतो आणि अकरावी-बारावीसोबत एनडीएची तयारी होते. दहावीत मूल असेल तर जाहिरातीवर हिवाळ्यापासूनच लक्ष ठेवा. त्याहून लहान मुलांसाठी सैनिक शाळांची सहावी आणि नववीची प्रवेश परीक्षा आहे. साताऱ्याची शाळा १९६१ ची, देशातली पहिली, आणि आता चंद्रपूरलाही आहे. देहरादूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजला आठवीत प्रवेश मिळतो.

एका सोयीची माहिती खेड्यापाड्यांत जवळजवळ कुणालाच नसते. नाशिकरोडला राज्य शासनाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. लेखी पास होऊन एसएसबीसाठी पात्र ठरलेल्या राज्यातल्या उमेदवारांना तिथे तयारी करून देतात, राहणं-जेवण मोफत. त्यासाठी आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन चौकशी करायची. निकालाची छापील प्रत, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि अधिवास प्रमाणपत्र सोबत न्या. अधिवास प्रमाणपत्र नसेल तर तेवढ्यासाठी आजच सेतू केंद्रात अर्ज टाका.